अकरा नंबरचा जोड

गुम्मिडिपूंडी, चेन्नई
१७ नोव्हेंबर २०२५

अमरदादा,

नमस्कार लिहीत नाही. चार दिवसांत एकवीस वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. कागद मध्येच कट करता येत नाही, म्हणून लिहितोय.

सात नंबरचा चेंबर तुमच्या केंद्रातून परत आला. ट्रकमधून उतरवताना क्रेनचा पट्टा मीच धरला होता. वर प्लास्टिकमध्ये तुमचा रिपोर्ट. मला इंग्रजी येत नाही, पण ‘वेल्ड’ आणि ‘रिजेक्ट’ हे दोन शब्द मी आंधळा झालो तरी वाचीन. खाली सही, ए. आर. गिरासे. माझ्या नववीच्या प्रगतिपुस्तकावर बापाच्या जागी तूच सही केली होतीस. चुलतभावाची सही ओळखायला शाळा लागत नाही.

आमचे मालक तुळजाजीराव यांनी मला सगळ्यांच्या समोर बोलावलं. हे तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या इकडे. इथे प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. जोड पुरा झाला की शेजारी आपला नंबर ठोकायचा, म्हणजे उद्या काही झालं तर हात कोणाचा ते कळतं. माझा अकरा. तुमच्या केंद्राने लिहिलंय की अकरा नंबरने यापुढे त्यांच्या कामाला हात लावायचा नाही. आता मी कंपाउंडच्या गेटला आणि जिन्याच्या कठड्याला जोड मारतो. कालपर्यंत ज्या पोराला मी वेल्डिंगचा टॉर्च धरायला शिकवलं, तो मला म्हणतो, ‘अण्णा, कठडा तरी गळणार नाही ना?’

तूच मला हे काम दाखवलंस. तूच सांगितलं होतंस, की तुमच्या त्या सिंक्रोट्रॉनमध्ये मोठ्ठी गोल नळी असते, तिच्यातून इलेक्ट्रॉन पळवतात, वळणावर त्यांच्यातून उजेड सुटतो आणि त्या उजेडात शास्त्रज्ञ लोक औषधाचा कण न् कण बघतात. त्या नळीचा एकेक तुकडा म्हणजे चेंबर, आणि आत हवेचा श्वास जरी राहिला तरी सगळं वाया. मी तेव्हा हसलो होतो. म्हटलं, जगात पोकळ वस्तू विकणारे पुष्कळ पाहिले, पोकळी विकणारे पहिलेच. पण मग आठ महिने घासून मी तो हात बसवला. सात नंबरचा जोड माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला जोड आहे.

तो कुठे गळला? बोट ठेवून दाखव. नाहीतर लिही की चुकलो.

उदयसिंह


सिंक्रोट्रॉन केंद्र वसाहत, बोरमाळ
२४ नोव्हेंबर २०२५

चि. उदय,

आशीर्वाद. तुझं पत्र हापिसात आलं, सगळ्यांसमोर फोडलं. पुढचं घरच्या पत्त्यावर पाठव आणि भाषा जरा जपून वापर. निर्वात विभागात मी चौदा वर्षं आहे.

चेंबरला तीन दिवस पंप लावला. हवा जेवढी निघायला हवी तेवढी निघेना. दाबाचा काटा एका जागी अडून बसला. फॉर्मवर तीन चौकोन असतात : जोड, सील, माल. मी जोडावर खूण केली. त्यापलीकडे मला विचारू नकोस.

तुला राग येणार हे माहीत होतं. सुरतेत मुकादमाशी भांडलास, चाकणला गेटवर, सिल्वासात तर दुसऱ्याच दिवशी. प्रत्येक वेळी काकू मला फोन करते. तिथे चेन्नईत मी माझ्या शब्दावर तुला चिकटवलं. आता विषय वाढवू नकोस. यापेक्षा फार वाईट होऊ शकलं असतं, एवढंच सांगतो. कठडे तर कठडे, वर्षभर गप काम कर.

जेवण वेळेवर घे.

तुझा,
अमरदादा


गुम्मिडिपूंडी
२९ नोव्हेंबर २०२५

दादासाहेब,

चौदा वर्षं निर्वात विभागात आहात, म्हणून डोक्यातली हवापण निघाली का?

सुरत, चाकण, सिल्वासा. मोजून ठेवलंस. सुरतेत मुकादमाने एका बाईला लाथ मारली होती, हे तुझ्या काकूने सांगितलं नसेल, कारण मी मायला सांगितलंच नाही. जाऊ दे. माझा प्रश्न चाकणचा नाही, चेंबरचा आहे.

तुझं पत्र मी अलमेलू अक्कांना समजावून सांगितलं, अर्धं तमिळ, अर्धं हातवारे. या आमच्या धुण्याच्या खोलीच्या मुख्य. चेंबर धुवायचा, तपासायचा, झाकणं लावून बंद करायचा, हे सगळं त्यांचं. त्यांच्या खोलीत उघड्या हाताने पाइपला बोट लावलंस तर त्या थोबाडीत मारायचंच तेवढं बाकी ठेवतात. म्हणतात, तुझ्या बोटाचं तेल आत राहिलं तर ते महिनाभर वाफ सोडत बसेल. त्या काय म्हणाल्या ऐक. ‘काटा अडला म्हणजे गळतीच असं कोण म्हणालं? गळती असेल तर बाहेरून हेलियम फवारायचा. जिथून आत शिरेल तिथे मशीन ओरडतं. तुझ्या भावाने हेलियम लावला का? लावला असेल तर कुठल्या जागी ओरडलं?’ सप्टेंबरात इथे त्यांनी स्वतः हेलियम लावला होता, माझ्यादेखत. मशीन हूं की चूं नाही.

मी नववी नापास, मला हे कळलं. तू डिप्लोमावाला, तुला कळत नाही? की कळून सही केलीस?

आणि ‘यापेक्षा फार वाईट होऊ शकलं असतं’ म्हणजे काय? धमकी देतोस की उपकार सांगतोस, ते नीट मराठीत लिही.

मी वेळेवर जेवत नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही, त्यामुळे वेळ कसली आणि काय.

उदयसिंह, नंबर नाही


बोरमाळ
६ डिसेंबर २०२५

उदय,

विचारलंस ना? मग ऐक. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

हेलियम लावला नाही. गरज वाटली नाही. काटा अडला तेव्हा मी बाजूचं झाकण काढून आत बॅटरी मारली. तोंडाच्या आतल्या कडेला, नेमका तुझ्या जोडावर, लेप होता. पिवळट, वाळलेला, मध्ये लाल. बोटाच्या पेराएवढा. गळका जोड लेपाने बुजवून पाठवणारे दोन वेल्डर मी पाहिलेत. दोघांचंही नाव कायमचं काळ्या यादीत गेलं. एकाला तर पोलिसांनी नेलं.

मी एकटाच होतो. लेप पुसला. बोळा खिशात घालून घरी आणला आणि जाळला. मग परत हापिसात येऊन फॉर्मवर जोडाच्या चौकोनात खूण केली. खराब जोड ही चूक असते रे. लेप ही लबाडी. मी तुझी चूक लिहिली, लबाडी लिहिली नाही. नोकरीत पहिल्यांदा मी असं काही लपवलं. तुझ्याशी फोनवर काय बोलणार होतो? तू ‘दादा, कुठे गळला’ म्हणून ओरडणार आणि मी ऐकत बसणार?

काकूला यातलं काही कळू देणार नाही. तूही झालं ते झालं म्हण.

अमर


गुम्मिडिपूंडी
११ डिसेंबर २०२५

अमर,

दादा लिहायला हात उचलत नाही.

तुला वाटलं मी लेप लावला. पत्र वाचून मी मागच्या शेडमध्ये गेलो आणि पत्र्याला एवढी लाथ मारली की दोन दिवस लंगडतोय. लोक म्हणाले कठडा पडला का पायावर. मी गावात कैऱ्या चोरल्या, गाडीचं तिकीट चुकवलं, खोट्या पत्त्यावर सिम घेतलं. पण जोडात? जोडात मी कधी खोटं केलं, ते सांग! एक सांग!

पिवळा आणि मध्ये लाल. अरे ए शहाण्या, ते चंदन आहे. वर कुंकू आहे.

इथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा असते. लेथ, क्रेन, ग्राइंडर, पिण्याच्या पाण्याचा कूलरसुद्धा, सगळ्यांना चंदनाचं बोट आणि त्यावर कुंकू. दारात भोपळा फोडतात, कुरमुरे-फुटाणे वाटतात. पाठवायला तयार असलेल्या चेंबरनाही तुळजाजीराव स्वतः टिळा लावतात आणि दरवर्षी अलमेलू अक्का दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने तो पुसतात. मालकांच्या तोंडावर म्हणतात, ‘देवाला माझ्या खोलीबाहेर बसवा.’ यंदा त्या दुपारीच पूजेला घरी गेल्या होत्या. चेंबर धुऊन, तपासून, झाकण लावून तयार. मालक ताट घेऊन आले. पहिलीच मोठी ऑर्डर, सात नंबर शेवटचा. मला म्हणाले, ‘बाहेर लाविलें तर ती बाई पुसून टाकील. आंत लावूं. देवास ठाऊक असलें म्हणजे झालें, तिला ठाऊक नको.’

आणि आता पुढचं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तुला लिहितोय कारण माझा स्वतःवरचा राग तुझ्यावरच्या रागाएवढाच झालाय.

झाकण मीच उघडलं. सहा बोल्ट मी काढले, झाकण मी छातीशी धरून उभा राहिलो. मालक म्हणाले, ‘कुणाचा जोड? तुझा? मग यावरच लावतों.’ आजवर माझ्या कामाला कोणी हार घातला नव्हता रे. सुरतेत चहा पण विचारत नव्हते. मला माहीत होतं की बोट लावायचं नसतं. आठ महिने तेच शिकलो होतो. पण त्या घडीला मी बोललो नाही. वाटलं, देवाचं बोट आहे. मग नवी पन्नी लावून झाकण घट्ट केलं आणि कुरमुरे खाल्ले.

तुझं पत्र आलं तसा मी सरळ केबिनमध्ये गेलो. म्हटलं, ‘सर, तुमच्या चंदनाची वाफ आत राहिली, म्हणून चेंबर नापास झाला. जोड चांगला आहे, लिहून द्या.’

त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, ‘मीच लाविलें, नाहीं कोण म्हणतो? पण कागदावर कैसें लिहूं, उदयसिंहा? वेल्डर चुकला हें कुणाच्याही कारखान्यांत होतें. मालकानें निर्वात नळींत कुंकू लाविलें, हें वाचून ते हसतील. चाळीस चेंबरांचें काम येणार आहे. ते माझ्या शेंडीकडे पाहून दुसऱ्यास देतील.’

‘आणि माझं?’

‘तुजला नवा नंबर देतों. तेवीस घे. पोंगलनंतर हा जोड कापून चार नंबरकडून नवा मारवूं. कुणास कांहीं कळायचें नाहीं.’

कळलं? पोंगलची, म्हणजे इकडच्या संक्रांतीची, सुट्टी संपली की माझा जोड कापणार. एकदा कापला की तो चांगला होता हे जगात कोणीही सिद्ध करू शकणार नाही, तू नाही, अक्का नाही, देव पण नाही. तू तुमच्या साहेबांना सांग की रिपोर्ट चुकला, हेलियम लावला नव्हता. चेंबर न कापता परत मागवा आणि तपासा. आजच सांग.

उदयसिंह


बोरमाळ
१८ डिसेंबर २०२५

उदय,

चंदनाचं वाचलं. खरं सांगतो, बोळा जाळताना वास आला होता. मला वाटलं, शेजारी कोणी उदबत्ती लावली.

माझी चूक झाली. हे मी तुला लिहितो, शंभर वेळा लिहितो. पण साहेबांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तपासणी न करता खूण केली, आत जे सापडलं ते पुसून जाळलं, आणि वेल्डर माझा भाऊ आहे हे कोणाला सांगितलं नव्हतं? पुढच्या महिन्यात बढतीची मुलाखत आहे. दोन वर्षं वाट पाहिली. धाकटी दहावीला आहे. या जागेवरून मला हलवलं तर क्वार्टरही जाईल.

तुळजाजीराव तेवीस नंबर देतायत तर घे. हात तोच राहतो ना? नंबरात काय आहे? दोन वर्षांनी अकरा कोण होता हे कोणी विचारणार नाही. मी सावकाश, संधी बघून, तोंडी सांगेन. एवढं ऐक माझं.

अमर


गुम्मिडिपूंडी
२३ डिसेंबर २०२५

अमर,

नंबरात काय आहे? तुझी मुलाखत दुसऱ्या कोणाच्या नावावर देशील का? डोकं तेच राहतं ना?

तेवीस नंबर मी घेतला नाही. मालकांना म्हटलं, अकरा नंबर चोर ठरला आणि तेवीस नंबर साव, आणि दोघं एकाच डब्यातून जेवणार? ते हसले. मला हसू आलं नाही.

सोबत दुसरा कागद आहे. तुमच्या साहेबांना लिहिलाय. मला इंग्रजी येत नाही आणि अक्कांना मराठी येत नाही, म्हणून तू त्याचं इंग्रजी कर आणि त्यांच्या हातात दे. त्यात तुझं नाव कुठेही नाही. बघून घे, घाबरू नकोस. दहा तारखेपर्यंत काही झालं नाही तर मी रजा टाकून बोरमाळला येतो आणि तुमच्या गेटवर उभा राहून वॉचमनला वाचून दाखवतो. मग तो काय समजेल ते समजेल.

(सोबतचा कागद)

साहेब, मी सात नंबर चेंबरचा वेल्डर, नंबर अकरा. शिक्षण नववी नापास. ३० सप्टेंबरपर्यंत चेंबर धुऊन, हेलियमने तपासून तयार होता. १ ऑक्टोबरला यंत्रपूजेत मालकांनी आतून, माझ्या जोडावर, चंदन आणि कुंकू लावलं. झाकण मी काढलं आणि मीच धरलं. आत बोट लावायचं नसतं हे मला माहीत होतं. मी अडवलं नाही. ही माझी चूक, तिची शिक्षा द्या. पण जोड गळका नाही. तो पोंगलनंतर कापणार आहेत. कापायच्या आत चेंबर मागवा, धुवा, हेलियम लावा. मशीन ओरडलं तर मी पुन्हा टॉर्च हातात धरणार नाही.


बोरमाळ
१० जानेवारी २०२६

प्रिय उदय,

तुझा कागद आठ दिवस माझ्या कपाटात होता. हे लपवत नाही. दोनदा इंग्रजी केलं आणि दोनदा फाडलं. दोन तारखेला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

साहेब बंगाली आहेत, मराठी कळत नाही. म्हणाले, आधी मूळ भाषेत वाच, मला आवाज ऐकू दे. मी वाचलं. ‘झाकण मी काढलं आणि मीच धरलं’ ही ओळ मी दोनदा वाचली. मग इंग्रजी वाचलं. चंदनाचं ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, आमच्याकडे विश्वकर्मा पूजेला माझ्या बापाने टाइपरायटरला सिंदूर लावला होता, महिनाभर कागद लाल यायचे. त्याच दिवशी तुळजाजीरावांना फोन गेला : कापू नका, आहे तसा पाठवा.

चेंबर पाच तारखेला आला. धुतला, तापवला, पंप लावला. काल सकाळी साहेबांच्या समोर जोडावर इंचाइंचाने हेलियम फवारला. मशीन ओरडलं नाही. काटा जिथे हवा तिथे खाली गेला. तुझा जोड आता मोठ्या नळीत बसणार आहे. दुरुस्तीचा कागद सोबत आहे, अकरा नंबरवरची बंदी उठवली आहे.

एक गोष्ट. इंग्रजी करताना तुझ्या कागदाच्या शेवटी मी एक वाक्य घातलं : ‘रिपोर्टवर सही करणारा माझा चुलतभाऊ आहे आणि त्याने जाणूनबुजून खोटा रिपोर्ट लिहिला.’ तू लिहिलं नव्हतंस. मराठी वाचताना ते नव्हतं, इंग्रजी वाचताना मी ते वाचलं. चौकशी लागली आहे. तोवर मी भांडारात बसतो, नट-बोल्ट मोजतो. मुलाखत राहिली. क्वार्टर अजून आहे. धाकटीला सांगितलं, ती म्हणाली, बाबा, आता घरी लवकर याल.

काकूला फोन केला होता. तुझ्याबद्दल चांगलं बोललो, तिचा विश्वास बसला नाही.

तुझा,
अमरदादा


ओरगडम, चेन्नई
१७ जानेवारी २०२६

दादा,

पत्ता बदलला, वर बघ. तुझं पत्र अक्कांनी इकडे पोचवलं. चेंबर ट्रकमध्ये चढला त्या दिवशी तुळजाजीरावांनी मला काढलं. म्हणाले, ‘तूं खरें बोललास, पण माझ्या छपराखालीं राहून बोललास.’ काल अलमेलू अक्कांकडून कळलं की चाळीस चेंबरांचं काम त्यांनाच मिळालं. कोणी हसलं नाही म्हणे. मग मला का काढलंत, असं विचारायला फोन केला तर उचलत नाहीत. इथे ट्रकच्या डिझेल टाक्या जोडतो. मोठे, जाडे, आंधळे जोड. पण गेटवरच्या साहेबाने जुना रेकॉर्ड मागितला तेव्हा मी तुझा दुरुस्तीचा कागद टेबलावर आपटला. त्याने दोनदा वाचला आणि अकरा नंबर कायम ठेवला.

आता मुद्द्याचं. तू घातलेलं ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तुला कोणी सांगितलं होतं माझ्या कागदात लिहायला? आणि लिहिलंस ते पण खोटं!

‘जाणूनबुजून खोटा रिपोर्ट.’ कुठे जाणूनबुजून? तुला खरंच वाटलं होतं की लेपाखाली जोड गळका आहे. तू खोटा नव्हतास, तू हेलियम न लावणारा आळशी होतास आणि भावाला लबाड समजणारा मूर्ख होतास. ते का लिहिलं नाहीस? मी सांगतो का. ‘मला वाटलं माझा भाऊ लबाड आहे’ हे साहेबांसमोर वाचायला लागलं असतं, आणि तो शब्द माझ्या नावाशेजारी बसला असता. म्हणजे परत मला वाचवायला गेलास! परत! मला न विचारता स्वतःवर खोटं ओढून घेतलंस आणि भांडारात जाऊन बसलास. एकदा मला वाचवलंस तर माझा नंबर गेला, दुसऱ्यांदा वाचवलंस तर तुझी मुलाखत गेली. वाचवणं बंद कर रे बाबा!

चौकशी संपलेली नाही ना? मग उद्या सकाळी साहेबांकडे जा आणि ते वाक्य बदलून घे. असं लिही : ‘आत लेप दिसला. मला वाटलं माझ्या भावाने लबाडी केली. मी तपासलं नाही, लेप पुसून जाळला आणि त्याला झाकायला गेलो.’ लबाड हा शब्द तसाच ठेव, मऊ करू नकोस. मला तो टोचेल, टोचू दे. अक्कांना मी सगळं सांगितलंय. त्या म्हणतात, या माणसावर मी चिडले आहे, पण त्याला खोटारडा म्हणणार नाही. मी पण म्हणणार नाही, आणि तुलाही म्हणू देणार नाही.

साहेबांनी विचारलं की हे कोण बदलायला सांगतंय, तर म्हण, लबाड सांगतोय.

उदय